विसूभाऊंच्या ढोलीची खिडकी

एका जंगलात, बाळांनो, खिडकी ही वस्तू कुणाला माहीत नव्हती आणि तरीही सगळ्यांचं बरं चाललं होतं. गोष्ट इथूनच सुरू होते, तेव्हा चुळबुळ बंद करा. ज्या बाळांचं टक्कल पडलंय त्यांनी पुढे या. ज्या बाळांना मांडी घालवत नाही त्यांनी खुर्ची घ्या. मोबाइल खिशात ठेवा. गोष्ट लहान मुलांची आहे, म्हणून तुम्हाला सांगतोय. लहान मुलांना तिची गरज नसते.

तर त्या जंगलात विसूभाऊ नावाचे एक धनेश राहत होते. धनेश माहीत आहे ना? मोठा पक्षी, लांब पिवळी चोच, आणि चोचीवर पुन्हा एक टोप. देवानं घाईघाईत एकीवर दुसरी चोच ठेवली आणि उचलायची विसरला, असं ते दिसतं. विसूभाऊंना मात्र हा टोप म्हणजे बुद्धीची जागा वाटायची. त्यांच्या बायकोचं नाव गोदा. तिला टोपाबद्दल काय वाटायचं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

धनेशांची एक रीत होती. पिल्लांचे दिवस आले की बाईनं झाडाच्या ढोलीत शिरायचं आणि आतून दार लिंपून घ्यायचं. दार म्हणजे चिखल. नवऱ्यानं बाहेरून चोच भरभरून चिखल आणायचा, तिनं तो आतून थापायचा. सगळं तोंड बुजवून झालं की चोचीपुरती एक फट ठेवायची. त्या फटीतून नवऱ्यानं तिला उंबरं भरवायची. पिल्लं मोठी झाली की चिखल फोडून सगळ्यांनी बाहेर यायचं. पुढच्या वर्षी पुन्हा ढोली, पुन्हा चिखल.

आत बसून बाई काय करते, हे कुठल्याच धनेशाला ठाऊक नव्हतं. बाहेरून नुसतं चोचीचं टोक दिसायचं. टोक उंबर घ्यायचं, नवरा उडून जायचा. विचारायची पद्धत नव्हती.

आणि चिखल कशासाठी, तर घोरपडीसाठी. त्या झाडाखाली एक घोरपड राहायची. स्वभावानं गरीब होती बिचारी, पण तिला अंडी फार आवडायची.

फाल्गुन लागला. उंबरं लाल व्हायला लागली. गोदा एके सकाळी म्हणाली, "अहो, चिखल आणायला लागा. माझे दिवस भरत आलेत."

"आणतो की," विसूभाऊ म्हणाले. आणि ते आणणारही होते. पण वाटेत पिंगळे भेटले.

पिंगळे शेजारच्या सातविणीच्या झाडावर राहायचे. वाटोळा चेहरा, वाटोळे डोळे, आणि समोरच्याचं काय कमी आहे ते दिवसाउजेडी हेरायची सवय. त्या वर्षी जंगलात खिडक्यांच्या कंपन्या आल्या होत्या, आणि पिंगळ्यांनी नुकतीच आपल्या ढोलीला खिडकी बसवून घेतली होती. ती दाखवून झाली, पुन्हा एकदा दाखवून झाली. मग ते सहज म्हणाले, "तुमच्याकडे काय विसूभाऊ, अजून चिखलच का?"

बाळांनो, त्या वाक्यातल्या 'अजून'नं आजवर जितकी घरं पाडली तितकी वादळानंही पाडली नसतील. विसूभाऊंनी चोचीतला चिखल तिथंच थुंकला. "छे छे," ते म्हणाले, "यंदा आम्हीही खिडकीच बघतोय. पण जरा अभ्यास करून."

घरी येऊन त्यांनी गोदाला सांगितलं, "यंदा चिखल नाही. यंदा खिडकी."

गोदानं त्यांच्याकडे पाहिलं. "घोरपड आत येणार नाही ना?"

"अगं, कंपनीची असते."

"आणि मला चोच बाहेर काढता आली पाहिजे."

"ते बारीकसारीक नंतर बघू. आधी ब्रँड ठरू दे."

झालं. अभ्यास सुरू झाला. आता विसूभाऊंचा अभ्यास म्हणजे काय, हे त्यांचं त्यांनाही माहीत होतं. मागे एकदा चांगलं उंबर निवडायचं म्हणून त्यांनी अख्खं झाड पालथं घातलं होतं आणि शेवटी उपाशी घरी आले होते. आपल्याला निवड करता येत नाही, फक्त तुलना करता येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तुलना करताना चेहरा इतका गंभीर होतो की त्यात काहीतरी काम चाललंय असं वाटतं. त्यांना स्वतःलाही वाटायचं.

पहिल्यांदा आला कोळी. 'अष्टपाद जाळीदार' या कंपनीचा हा माणूस. आठ पायांपैकी दोन जोडून नमस्कार केला आणि बाकीच्यांनी नमुने उलगडले.

"भाऊसाहेब, वारा आत, डास बाहेर. पिंगळेसाहेबांकडे आमचीच आहे."

"डास बाहेर राहतात?"

"बाहेर म्हणजे जाळीतच राहतात. रोज संध्याकाळी आमचा माणूस येऊन ते घेऊन जातो. देखभाल मोफत."

विसूभाऊंना हे फार पटलं. पण पिंगळ्यांकडे आहे तेच आपण घ्यायचं, तर मग अभ्यासाचा उपयोग काय?

नंतर वाळव्या आल्या. त्या कधी एकट्या येत नाहीत. त्यांच्या कंपनीचं नाव 'वारूळ फ्रेम्स', आणि त्या सगळ्या एका सुरात बोलायच्या.

"आमच्या चौकटीला वाळवी लागणार नाही. आयुष्यभराची गॅरंटी."

"कशावरून?"

"आम्ही आमच्या लोकांना सांगून ठेवलंय."

"आणि दुसऱ्या कंपनीची चौकट घेतली तर?"

वाळव्यांनी नुसतं झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं.

शेवटी आला चतुर. चतुर म्हणजे तोच, ज्याच्या शेपटीला तुम्ही लहानपणी दोरा बांधून फिरवायचात आणि आता आपल्या मुलांना प्राणिमात्रांवर दया करायला शिकवता. तो 'नितळ ग्लास'चा. हवेत एका जागी थांबून बोलायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात फार ठामपणा वाटायचा.

"दुहेरी काच, साहेब. बाहेरचा आवाज आत नाही, आतला आवाज बाहेर नाही. मोर केकाटला तरी वहिनींची झोपमोड होणार नाही. हत्ती धडकला तरी फुटणार नाही."

"आपल्या जंगलात हत्ती नाही."

"म्हणूनच आजवर एकही तक्रार नाही, साहेब."

विसूभाऊंनी बुंध्याची साल सोलून मोठा चौकोन काढला. त्यात चोचीनं रेघा मारल्या. उजेड, वारा, आवाज, मजबुती, दिसणं, शेजाऱ्यांवर पडणारी छाप. तीन कंपन्या तीन बाजूंना. ज्या रकान्यात ज्या कंपनीची सरशी तिथं एक खूण. खुणा झाल्या की सगळ्या कंपन्या सारख्याच निघायच्या. मग विसूभाऊ एखादा नवा रकाना वाढवायचे. 'पावसाचा आवाज' वाढवला, 'पावसाचं दिसणं' वेगळं वाढवलं. तरी सारख्याच.

मग ते पाणवठ्यावर गेले. तिथल्या कातळावर गिऱ्हाइकं आपापली मतं खरवडून ठेवत. पाच तारे म्हणजे उत्तम, एक तारा म्हणजे फसवणूक. मुंगसानं लिहिलं होतं, 'खिडकी मजबूत आहे, पण आता साप घरी येत नाहीत. एक तारा.' वटवाघळानं लिहिलं होतं, 'उलटी बसवली. आम्हाला सरळ दिसते. पाच तारे.' माकडानं तिन्ही कंपन्यांना पाच-पाच तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं, 'अजून घेतली नाही.' एका सशानं मात्र मोठ्या मनानं सगळं सविस्तर लिहिलं होतं. ते वाचून विसूभाऊंचा ऊर भरून आला. मग कुणीतरी सांगितलं की ससा बिळात राहतो, त्याला खिडकीच नाही.

इकडे गोदा ढोलीच्या तोंडाशी बसून होती. विसूभाऊ बाहेर, म्हणजे राखण तिच्याकडे. घोरपड रोज खोडाला एक फेरी घालून जायची. कधी वर बघायची, कधी नुसतीच जीभ काढायची.

"अहो, ठरलं का काही?"

"होत आलंय."

"माझंही होत आलंय," गोदा म्हणाली.

आपण काहीही ठरवत नाही आहोत, हे विसूभाऊंना कळत होतं. रात्री डोळा मिटला की ते स्वतःला म्हणायचे, विसू, तू मूर्ख आहेस. सकाळी उठले की वाटायचं, मूर्ख असलो तरी माहितगार मूर्ख आहे, आणि एवढी माहिती वाया घालवण्यात काय अर्थ? की पुन्हा बुंध्यापाशी जाऊन उभे. मला त्यांना हसायचा काही अधिकार नाही. माझ्या न्हाणीघराची खिडकी मी गेली कित्येक वर्षं सुतळीनं बांधून ठेवलीय, कारण कुठली कडी चांगली यावर माझं वाचन अजून चालू आहे.

मग एके दुपारी विसूभाऊ काचेच्या जाडीविषयी साळिंदराचं मत घेऊन परतत होते, तर झाडावर आरडाओरड ऐकू आली. घोरपड खोडावर चढून आली होती आणि गोदा तिच्या डोक्यावर चोचीनं सपासप मारत होती. विसूभाऊ पोचेपर्यंत घोरपड खाली पडली आणि काही झालंच नाही अशा चालीनं निघून गेली. गोदा धापा टाकत होती. तिच्या पंखाला रक्त लागलं होतं.

विसूभाऊ तिच्याजवळ सरकले. "लागलं का गं?"

"ऐका आता," गोदा म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे विसूभाऊ जास्त घाबरले. "पहिलं अंडं आज येणार. मी आत जातेय. दार तुम्ही लावा. कशानं लावायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण पुन्हा ती बया इथं पोचायच्या आत लावा." आणि ती आत गेली.

विसूभाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओढा लांब होता. वाळव्या वारुळात होत्या. कोळी पिंगळ्यांकडे डास गोळा करायला गेला होता. चतुर तेवढा समोरच्या फांदीवर बसला होता.

इतक्या अभ्यासानंतर, बाळांनो, निवड झाली ती अशी. जो समोर बसला होता त्याची.

चतुरानं शीळ घातली. दोन सुतारपक्षी आले. "उद्या लावतो," ते सवयीनं म्हणाले, पण विसूभाऊंचा चेहरा बघून त्यांनी ते मागे घेतलं. ठोकाठोकी झाली, कडांना डिंक भरला, आणि घोरपड जेवणाची वेळ झाली म्हणून परत येईपर्यंत खिडकी बसलीसुद्धा. घोरपडीनं काचेवर नख मारून पाहिलं. नख घसरलं. तिनं विसूभाऊंकडे पाहिलं आणि चक्क मान डोलावली.

विसूभाऊंच्या जिवात जीव आला. काय दिसत होती ती खिडकी. मावळतीचं ऊन तिच्यात पडलं होतं, आणि त्या उन्हात गोदा आपल्या पहिल्या अंड्यावर बसली होती. पिंगळे आले, दोनदा बघून गेले. विसूभाऊंना वाटलं, सार्थक झालं. त्यांनी उडत जाऊन सगळ्यात लाल उंबर आणलं, आणि चोच पुढे करून ते गोदाला द्यायला गेले.

टक्.

विसूभाऊ जरा डावीकडे सरकले. टक्. उजवीकडे सरकले. टक्. आत गोदानं चोच उघडली होती. ती काहीतरी बोलत होती. चोच हलत होती, गळा हलत होता, आणि ऐकू काहीही येत नव्हतं. आवाजाच्या रकान्यात खूण उगीच नव्हती केली.

"अहो चतुर," विसूभाऊ म्हणाले, "ही उघडते कुठून?"

"उघडत नाही, साहेब. म्हणून तर टिकते."

"मग मी हिला भरवू कसं?"

चतुर पहिल्यांदाच हवेत थोडा हलला. "भरवायचं होतं का? तसं बोलला नाहीत. फटवालं मॉडेल वेगळं येतं. पुढच्या फाल्गुनात मिळेल."

विसूभाऊंनी बुंध्यावरच्या त्या मोठ्या चौकोनाकडे पाहिलं. उजेड होता, वारा होता, पावसाचं दिसणं होतं. बायको जेवणार कुठून, हा रकाना नव्हता. तिनं तर तो पहिल्याच दिवशी सांगितला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. फरक इतकाच, की विसूभाऊंनी वळसा घालून झाल्यावर काखेतला कळसाही पाडला होता.

मग त्यांनी काच फोडायला घेतली. चोच आपटली. टोप आपटला. पाय लावून ढकललं. काचेला ओरखडासुद्धा उठला नाही. टोपाचा मात्र एक टवका उडाला, बुद्धीच्या जागेचाच. खाली घोरपड उन्हाला बसावं तशी निवांत बसून बघत होती. अंधार पडला तरी विसूभाऊ आपटतच होते. दुसरा दिवस उजाडला. काचेपलीकडे गोदा बसलेली दिसत होती, अगदी स्वच्छ, जाहिरातीत म्हटलं होतं तशी, आणि तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. हातभर अंतरावर बायको उपाशी आहे आणि चोचीत उंबर आहे, यापेक्षा वाईट दिवस विसूभाऊंनी पाहिला नव्हता. त्यांना त्या उंबराची लाज वाटायला लागली.

मग गोदा उठली, काचेकडे पाठ केली, आणि चौकटीच्या बाजूचं कुजकं लाकूड टोचायला लागली. काचेला तिनं हातच लावला नाही. टोचता टोचता पार उन्हं वर आली. मग खिडकीच्या शेजारी साल हलली, भुसा पडला, आणि एक चोचीपुरती फट झाली. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं.

"गोदे," विसूभाऊ म्हणाले. "गोदे, मी ना—"

"आधी उंबर द्या," आतून आवाज आला. "मग बोला."

असा संसार पुन्हा सुरू झाला. खिडकी जागेवर, आणि जेवण शेजारच्या भोकातून. कुणी विचारलं तर विसूभाऊ म्हणायचे, "हवेशीर व्हावं म्हणून भोक मुद्दाम ठेवलंय." म्हणून झालं की आपल्याला किती सहज खोटं बोलता येतं, याचं त्यांना नवल वाटायचं.

पण खरी पंचाईत पुढेच होती.

एके सकाळी विसूभाऊ उंबर देऊन वळले, तर काचेतून दिसलं, गोदाच्या शेपटीचं एक पीस गळून पडलंय. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग पंखांची मोठी पिसं गळायला लागली. बघता बघता तिचे पंख बोडके झाले. एवढी डौलदार गोदा, पण आता कातडी दिसत होती, आणि ती अंडी पोटाखाली घेऊन ढोलीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. कुणी आत शिरलं असतं तर तिला उडताही आलं नसतं.

विसूभाऊंनी फटीला चोच लावली. "अगं, बरं नाही का तुला? पिसं गळतायत तुझी."

"दरवर्षी गळतात."

"दरवर्षी?"

"मग. बाहेर येईपर्यंत नवी येतात. तुमच्या आईचीही गळायची. तुम्ही अंड्यात होता म्हणून तुम्हाला माहीत नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"फटीतून उंबर येतं आणि तुम्ही जाता. बोलू कधी?"

विसूभाऊ त्या फांदीवर बसले आणि त्यांना रडू आलं. इतकी वर्षं ते मित्रमंडळींत सांगत आले होते, 'बाईला काय, आत आरामात बसायचं. राबतो आपण.' सगळे धनेश असंच सांगायचे. धनेशांचं हे एक ठरलेलं वाक्य होतं. एक जण म्हणायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. त्या दिवसापासून विसूभाऊ खाली पडलेलं उंबर उचलून आणेनासे झाले. शेंड्यावरचं, गोड, मऊ उंबर आणायला लागले, आणि त्यात निवडानिवड करत बसले नाहीत.

इतक्यात खिडकीची कीर्ती पसरली होती. लोक बघायला यायला लागले. माकडं काचेला नाक लावायची. खारी पिल्लांना घेऊन यायच्या. पिंगळे तर पाहुण्यांना घेऊन यायचे आणि आपलीच असल्यासारखी दाखवायचे. "आतलं सगळं दिसतं बघा," म्हणायचे. आतलं सगळं म्हणजे गोदा. ती काचेकडे पाठ करायची, तर बोडकी पाठ दिसायची. तोंड केलं, तर पंखांचे सांगाडे. एक दिवस माकडं पांगली आणि त्यांच्या जागी घोरपड येऊन बसली. काचेला तोंड लावून, जीभ काढून, तिनं अंडी नीट बघून घेतली. मग तिची नजर काचेवरून सरकत सरकत शेजारच्या भोकावर आली, आणि तिथंच थांबली.

विसूभाऊंनी तिला हुसकून लावलं. टोप फुटलेल्या धनेशाला घोरपडी भितात, हे तिला आणि त्यांना तेव्हाच कळलं. पण ती परत येणार, हेही कळलं.

फटीतून गोदाचा आवाज आला. तो नेहमीसारखा नव्हता. "अहो, मला सगळे बघतात. ती पण बघते. मला नाही हो सहन होत. चिखल आणा."

"एवढ्या चांगल्या काचेवर?"

"एवढ्या चांगल्या काचेवर."

विसूभाऊंनी चोच उघडली. कुठल्या ओढ्याचा आणू, तांबडा की काळा, वाळल्यावर तडकतो कुठला, असे सगळे प्रश्न त्यांच्या चोचीच्या टोकाशी आले होते. मग त्यांनी काचेतून गोदाकडे पाहिलं. चोच मिटली. उडाले, आणि जिथं नजर पडली तिथं उतरले. गव्यांच्या लोळणीचं डबकं होतं ते. वास येत होता. विसूभाऊंनी चोच भरली, आले, थापली. पुन्हा गेले. जंगलातली सगळ्यात महागडी खिडकी त्यांनी आपल्या चोचीनं लिंपून काढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि फटीभोवतीही जाड थर दिला. गोदा फटीच्या कडा आतून चेपत होती. पिंगळे शेजारी बसून 'अरेरे' म्हणत होते. काम संपलं तेव्हा ढोली दरवर्षी दिसायची तशी दिसत होती, आणि फटीत चोचीचं टोक होतं. विसूभाऊंनी त्यात उंबर ठेवलं. या वेळी ते लगेच उडून गेले नाहीत.

पिल्लं झाली. मोठी झाली. पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्यांनी मिळून फटीचा चिखल फोडला, कुजकं लाकूड टोचून भोक मोठं केलं आणि एकेक करून बाहेर आले. गोदाला नवी पिसं आली होती. फांदीवर बसून तिनं पंख पसरले, तर विसूभाऊंनी नजर खाली घातली.

आता गोष्ट इथं संपली असती, तर शाळेच्या पुस्तकात गेली असती. बाई तुम्हाला म्हणाल्या असत्या, बोध काय? आणि तुम्ही एका सुरात ओरडला असतात, 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा.' पण जंगल चालूच राहतं ना.

पुढच्या फाल्गुनात एक तरुण धनेश विसूभाऊंकडे आला. नवंनवं लग्न झालेलं. "काका, तुम्ही यातले जाणकार. खिडकी कुठल्या कंपनीची घ्यावी?"

विसूभाऊंनी मनापासून सांगितलं. "बाबा रे, कुठलीच नको. जवळच्या डबक्यातला चिखल आण. आणि बायकोला विचार तिला काय लागतं ते, आणि ती सांगेल ते ऐक."

तरुण मान डोलावून गेला. खाली जाऊन बायकोला म्हणाला, "म्हातारा पक्का आहे. स्वतः नितळची काच बसवली आणि आपल्याला चिखल सांगतो." मग दोघांनी विसूभाऊंची ढोली हळूच जवळून पाहिली. आधी काच. वर चिखल. शेजारी भोक. सगळी युक्ती त्यांच्या ध्यानात आली.

त्या वर्षी जंगलातल्या प्रत्येक धनेशानं ढोलीला काच बसवली, काचेवर चिखल लिंपला आणि शेजारी भोक पाडलं. पुढे कोळ्यानं जाळीवर लावायचा चिखल काढला. वाळव्यांनी वाळवी न लागणारा चिखल काढला. चतुर तर आता चिखल आधीच लावून काच देतो. पिंगळ्यांनी दोन्ही घेतलं. पाणवठ्याच्या कातळावर मतं लिहायला जागा उरली नाही.

जंगलानं सभा भरवून विसूभाऊंना शाल आणि श्रीफळ दिलं. 'खिडकीक्षेत्रातील मार्गदर्शक' असं म्हटलं. घरी आले तेव्हा गोदानं विचारलं, "काय बोललात सभेत?"

"जे झालं ते सगळं. तू उपाशी होतीस ते. पिसं गळाली ते. माझ्यासारखा गाढव दुसरा नाही, हेसुद्धा."

"मग?"

"लोक पोट धरून हसले," विसूभाऊ म्हणाले. "म्हणाले, किती नम्र आहेत. आणि खाली उतरलो तर सगळे विचारायला लागले, चिखल कुठला वापरता."

तात्पर्य: घराला चिखलच लिंपायचा असेल, तर आधी खाली एक उत्तम काच बसवून घ्यावी. कंपनी निवडताना घाई करू नये. चार जाणत्यांचं मत घ्यावं, बायकोचं सोडून. म्हणजे पुढे सभेत सांगायला काहीतरी राहतं.